वडिलांच्या डोक्यात रक्त साकळलंय, भोक पाडून काढायचं म्हणतात. माणूस पूर्ववत होतो का?

मी डॉक्टर नाही. पण तीन वर्षांपूर्वी आमच्या अण्णांचं हेच झालं, तेव्हा ते 76 वर्षांचे होते. तुमचे वडील महिन्यापूर्वी पडले होते आणि आता तोल जातो, स्कॅनमध्ये सबड्युरल आलंय असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे रक्त मेंदूच्या आत नाही, मेंदू आणि त्यावरच्या जाड आवरणाच्या मधे आहे. हा फरक मोठा आहे, 'ब्रेन हॅमरेज' ऐकून हातपाय गाळू नका. वय झालं की मेंदू थोडा आक्रसतो, तिथल्या बारीक शिरा ताणल्या जातात, मग किरकोळ धक्काही पुरतो.

अण्णांचं डोकं कपाटाच्या उघड्या दारावर आपटलं होतं. साधं टेंगूळ आलं नाही. पाच आठवड्यांनी उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली, आणि निसटलेली त्यांना कळायचीच नाही. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहायची त्यांची जुनी सवय. ते आकडे शेजारच्या चौकोनात घसरायला लागले. एका डॉक्टरांनी 'वयोमानाने व्हायचंच' म्हणून बी-कॉम्प्लेक्स दिलं. बहिणीने हट्ट धरला म्हणून सीटी स्कॅन झाला.

ऑपरेशन ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूला हात लावत नाहीत. कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक-दोन भोकं पाडायची, साकळलेलं रक्त सलाईनने धुऊन काढायचं. बऱ्याच ठिकाणी हे जागा बधिर करूनही करतात. नंतर उरलेलं बाहेरच्या पिशवीत येत राहावं म्हणून तिथे एक-दोन दिवस नळी ठेवतात. अण्णांच्या पिशवीत जमलेलं पाणी अगदी गॅरेजमधल्या जळक्या ऑइलसारखं होतं. नळी ठेवणार ना, हे सर्जनना जरूर विचारा. 2009 साली केंब्रिजच्या डॉक्टरांचा 215 रुग्णांवरचा अभ्यास छापून आला: नळी ठेवलेल्यांत सुमारे 9 टक्क्यांना रक्त पुन्हा साठून परत ऑपरेशन लागलं, न ठेवलेल्यांत 24 टक्क्यांना.

ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला ऑक्टोबर 2024 मध्ये बाथरूममध्ये पडले, हेच ऑपरेशन झालं थेट 10 डिसेंबरला, वयाच्या 79व्या वर्षी. दोनच दिवसांनी मेंदूवरच्या त्या जाड आवरणाला रक्त पुरवणारी धमनी आतून बंद केली, पुन्हा साठू नये म्हणून. आपल्याकडेही मोठ्या हॉस्पिटलांत हे करतात. तुमच्या वडिलांना गरज आहे का, ते सर्जनच सांगतील.

आता तुमचा खरा प्रश्न. ऑपरेशनआधी माणूस जितका शुद्धीवर, तितकी नंतरची आशा जास्त, म्हणून दिवस घालवू नका. अण्णा तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागले. पहिलं वाक्य, 'दूधवाल्याचं कोण बघतंय?' पाय सुधारायला मात्र फिजिओथेरपीचे दोन महिने गेले. मधल्या रात्री वाईट होत्या: भ्रम, नळी ओढायची धडपड, झोपून राहिल्याने छातीत कफ. रात्री शेजारी घरचं माणूस हवंच.

वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच सांगा. ती कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. अण्णांना स्टेंट आहे, आम्हाला दोघांमध्ये चार फेऱ्या माराव्या लागल्या.

एकोणिसाव्या दिवशी अण्णा दिवसाही झोपायला लागले. पुन्हा स्कॅन केला, थोडं पाणी होतं, पण ते आपोआप जिरलं. तुमच्याकडे घरी आल्यावर झोप वाढली, बोलणं अडखळलं किंवा चप्पल निसटली, तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच घेऊन जा.