स्वतःशी असलेला संबंध

प्रश्न : ‘अ’चा ‘ब’शी संबंध असेल, तर सममितीने (म्हणजे संबंध उलट दिशेनेही लागू असल्याने) ‘ब’चा ‘अ’शी आणि मग संक्रमणाने (म्हणजे पहिल्याचा दुसऱ्याशी व दुसऱ्याचा तिसऱ्याशी संबंध असल्यास पहिल्याचा तिसऱ्याशीही असतो, या गुणधर्माने) ‘अ’चा स्वतःशीच संबंध सिद्ध होतो; तरीही सममूल्यता संबंधाच्या (म्हणजे संचाचे परस्परसंबंधित घटकांच्या वर्गांत विभाजन करणाऱ्या संबंधाच्या) व्याख्येत स्वतःशी संबंध असण्याची अट वेगळी का घालतात?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : आपला युक्तिवाद सुरेख आहे, परंतु असा एखादा ‘ब’ असतोच, हे त्यात गृहीत धरले आहे. पूर्णांकांच्या संचावर ‘दोघांचा गुणाकार 0 पेक्षा मोठा’ हा संबंध घेतला, तर तो सममित आणि संक्रामक ठरतो, पण 0 चा कोणत्याच पूर्णांकाशी, अगदी स्वतःशीही, संबंध येत नाही, आणि म्हणून संचाचे वर्ग पाडताना 0 बाहेरच राहतो. संक्रमणही आपोआप मिळत नाही : ठाणे आणि दिघा गाव, तसेच दिघा गाव आणि ऐरोली ही लगतची रेल्वे स्थानके आहेत; ठाणे आणि ऐरोली मात्र नाहीत.