माणसं गेली कुठे?

प्रश्न: पालद्याला आमचा नमकीनचा छोटा कारखाना आहे, भट्टीवर आणि पॅकिंगला माणसंच मिळत नाहीयेत, गेटवर बोर्ड लावून कंटाळलो. लोकांना कामच नकोय का आता? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: अहो दादा, काम हवंय लोकांना. झाबुआ-अलीराजपूरकडची माणसं होळीआधी भगोरियाच्या आदिवासी जत्रेला गावी जातात, मग गव्हाची कापणी, आणि तिथूनच बरेचजण थेट गुजरातला बांधकामावर निघतात कारण तिथे हातात जास्त पडतं. शहरातली पोरं पीथमपूरच्या कंपन्यांत नाहीतर डिलिव्हरीला लागतात, उन्हात फिरावं लागतं पण उकळत्या तेलासमोर बारा तास उभं राहावं लागत नाही ना! म्हणजे तुटवडा आहे तो त्या पगारात ते काम करणाऱ्यांचा. ओव्हरटाइमला दुप्पट दर कायद्यातच आहे, तो खरंच देता का? दहा माणसं असतील तर महिना 21000 रुपयांपर्यंत पगारवाल्यांना ईएसआय, म्हणजे घरच्यांच्याही उपचाराची सोय असलेला सरकारी कामगार विमा, लागू होतं, घरात आजारपण असलेला माणूस त्यासाठीसुद्धा टिकतो. भट्टीवर चांगला एक्झॉस्ट बसवा, शिफ्ट आठ तासांची करा, आणि बोर्डापेक्षा जुन्या कारागिराला सांगा, गावचा भाऊ-मेहुणा तोच घेऊन येतो, पण आधी तो स्वतः खूश हवा.