वाचकांचे प्रश्न: शाळेचा कोच कुणाला करायचं, आणि केल्यावर त्याला जोखायचं कसं?

शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या की कोचबद्दलचे प्रश्न यायला लागतात, यावेळी तर जरा जास्तच आले. फुटबॉल आपल्या गोव्याचा राज्यखेळ आहे त्यामुळे बहुतेक प्रश्न फुटबॉलचेच आहेत, पण क्रिकेट किंवा व्हॉलीबॉलच्या पालकांनीही वाचायला हरकत नाही, फार काही बदलत नाही.

प्रश्न: आमच्या हायस्कूलला फुटबॉलचा हेड कोच घ्यायचाय. दोन नावं पुढे आलीत. एकजण संतोष ट्रॉफी (राज्यांच्या टीम्सची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा) खेळलेला, पंचक्रोशीत त्याला सगळे ओळखतात, पण कोचिंगचं लायसन्स नाही. दुसरा तिशीतला, डी लायसन्सवाला, मोठ्या क्लबात कधी खेळला नाही पण गावातल्या लहान पोरांना शिकवतो. शाळेचे मॅनेजर पहिल्याच्या बाजूने आहेत. इंटरव्ह्यूत काय विचारू? (पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघाचा सदस्य, फोंडा)

इंटरव्ह्यू घ्या पण त्यावर फार विसंबू नका. हेडमास्तरांच्या केबिनमध्ये चहा पीत कुणीही शिस्त, टीमवर्क, फिटनेस यावर अर्धा तास छान बोलतो, त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा दोघांनाही वेगवेगळ्या दिवशी शाळेच्या ग्राउंडवर बोलवा, तुमचीच वीस पोरं द्या, शाळेकडे जेवढे बॉल आहेत तेवढेच द्या आणि सांगा की पाऊण तास प्रॅक्टिस घ्या. तुम्ही बाजूला उभं राहून फक्त बघा. त्यातही वर्गातलं सगळ्यात कच्चं पोर निवडा आणि त्याच्यावरच नजर ठेवा, पाऊण तासात त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागला ते मोजा. लांब लाइन लावून एकेकाला शूट मारायला लावणारा कोच असेल तर ते पोर चाळीस मिनिटं नुसतं उभं असतं. चार-चार जणांचे छोटे गेम लावणारा असेल तर तेच पोर घामाघूम होऊन बाहेर येतं. कोच पोरांना नावाने हाक मारायला लागला का तेही बघा. चूक झाल्यावर तो "काय करतोस रे" म्हणून ओरडतो की पुढच्या वेळी काय करायचं ते दाखवतो? माझ्या मते ह्या एका गोष्टीवरून निम्मं तरी कळतं.

संतोष ट्रॉफी खेळणं ही मोठीच गोष्ट आहे, त्या माणसाचा मान ठेवायलाच हवा, गोव्याने ती ट्रॉफी १९८३ साली बंगालबरोबर विभागून आणि लगेच पुढच्या वर्षी एकट्याने जिंकली तेव्हापासून आपल्याकडे त्या नावाला किती वजन आहे ते मी सांगायला नको. पण स्वतःला येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं. इटलीचा आरिगो साक्की प्रोफेशनल फुटबॉल कधी खेळलाच नव्हता, आधी बूट विकायचा, आणि त्याच्या एसी मिलानने १९८९ आणि १९९० असा दोनदा युरोपियन कप जिंकला. उलट मोठे खेळाडू कोच म्हणून फसल्याचीही कितीतरी उदाहरणं आहेत, जे आपल्याला आपोआप जमत गेलं ते तेरा वर्षांच्या पोराला पायरीपायरीने कसं समजवायचं हेच त्यांना सुचत नाही.

लायसन्सबद्दल पण थोडं सांगतो. आपल्याकडे एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी लायसन्स ही सुरुवातीची पायरी, त्याच्यावर एएफसीचं (आशियाई महासंघाचं) सी, मग बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. म्हणजे डी असणं ही काही मोठी पदवी नव्हे, पण वयाप्रमाणे प्रॅक्टिस कशी आखायची याचा पाया त्यात मिळतो. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेला पीई टीचर आणि एका खेळाचा कोच यांतही फरक आहे, शाळा पुष्कळदा पीईवाल्या सरांच्याच गळ्यात फुटबॉल, कबड्डी, अॅथलेटिक्स सगळं घालते आणि मग निकाल येत नाही म्हणून त्यांनाच बोलते, हे मला अजिबात पटत नाही.

आधीच्या शाळेला किंवा क्लबला फोन करणार असाल तर "माणूस कसा आहे" हे विचारू नका, सगळे चांगलाच आहे म्हणतात. "त्याच्याकडे आठवीत आलेल्या पोरांपैकी दहावीत किती खेळत होती" हे विचारा. पोलीस व्हेरिफिकेशन आणि फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालेलं असणं मात्र सक्तीचं ठेवा, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. आणि प्रॅक्टिस बघून जर संतोष ट्रॉफीवालेच आवडले, तर खुशाल घ्या, पण कोर्सची फी शाळेने भरून त्यांना डी करायला पाठवा आणि त्या दुसऱ्या मुलाला असिस्टंट म्हणून ठेवा.

प्रश्न: आमची टीम गेल्या वर्षी सुब्रतो कपच्या (शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या) तालुका लेव्हलला पहिल्याच मॅचमध्ये बाहेर पडली, पेनल्टीवर. कोच येऊन एकच वर्ष झालंय. मॅनेजमेंट म्हणते बदला. बरोबर आहे का? (पालक, बार्देश)

नाही, बरोबर नाही. नॉकआउट म्हणजे काय हे आधी बघा हो. वर्षभर प्रॅक्टिस, त्यानंतर चिखलात एक मॅच, त्यात गोल नाही, मग पाच-पाच पेनल्टी, आणि त्यावरून एका माणसाच्या वर्षभराच्या कामाची किंमत ठरवायची? ड्रॉमध्ये पहिलीच गाठ तालुक्यातल्या सगळ्यात तगड्या शाळेशी पडली तर कुणीही कोच काय करणार. वयोगटाच्या टीमची आणखी एक गंमत म्हणजे दोन-तीन वर्षांत अख्खी बॅच बदलते, म्हणजे आज जी टीम जिंकते ती पुष्कळदा आधीच्या कोचने सहावी-सातवीत घडवलेली असते आणि क्रेडिट नव्याला मिळतं.

फक्त ट्रॉफीवर कोच ठेवायचा असं ठरवलं की पुढे काय होतं तेही बघितलंय. कोच मोठ्या अंगाची पोरं गोळा करतो, बारक्यांना घरी पाठवतो, आणि कुठेकुठे तर जन्मदाखल्यात गडबड सुरू होते. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघायची टेस्ट आपल्या देशात उगाच नाही आली. त्यात पकडलं गेलं की शिक्षा पोराला, कोच दुसऱ्या शाळेत.

मग बघायचं काय? जूनमध्ये प्रॅक्टिसला किती पोरं होती आणि गणेश चवथीच्या सुट्टीनंतर किती परत आली. कच्ची पोरं सुधारली का. वर्षभरात दुखापती किती झाल्या आणि दुखावलेल्या पोराला कोचने खेळवलं का. रेफ्रीशी तो कसा वागतो, कारण पोरं तेच उचलतात. आणि खेळाची काही पद्धत दिसते का, की गोलकीपरने लांब मारायचा आणि सगळ्यांनी मागे धावायचं एवढंच चाललंय. हे सगळं बघायला एक पूर्ण बॅच, म्हणजे तीनेक वर्षं तरी द्यायलाच हवीत. कोच आर्मांदो कोलासोंनी आपल्या गोव्याच्या धेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकून दिली, पहिली २००४-०५ ला, पण क्लबने त्यांना दहा वर्षांहून जास्त काळ ठेवलं होतं हे आपण विसरतो. व्यावसायिक क्लब एवढं थांबू शकतो तर शाळेला कसली घाई आहे?

काही गोष्टींसाठी मात्र एक दिवसही थांबू नये. पोरांना मारणं, घाण शिव्या, वयाची चोरी, डोक्याला मार लागलेल्या पोराला पुन्हा मैदानात उतरवणं. यात तीन वर्षंबिर्षं काही नाही, त्याच दिवशी बंद.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे, बॉलवर हात बसलेला आहे असं सगळे म्हणतात, म्हणजे पाय. पण अंगाने बारीक आहे म्हणून सर त्याला बेंचवरच ठेवतात. सरांशी बोलू का? (आई, डिचोली)

बोला ताई, पण मॅच संपल्यासंपल्या ग्राउंडवर नको, दुसऱ्या दिवशी वेळ मागून बोला, आणि "का खेळवत नाही" असं न विचारता "त्याने कशावर मेहनत घ्यावी" असं विचारा. चांगला कोच असेल तर नेमकं उत्तर देईल, डावा पाय कच्चा आहे, बॉल घेण्याआधी मागे बघत नाही, असं काहीतरी. "अजून तयार नाही" एवढंच म्हणाला तर समजा की त्याने तुमच्या मुलाकडे नीट बघितलेलंच नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या पोरांत कागदावर वय एकच असलं तरी शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. शिवाय वयोगट बहुतेक १ जानेवारीपासून धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, जवळजवळ वर्षाचा फरक. म्हणून जगभरातल्या ज्युनियर टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त सापडतात, ह्यावर बराच अभ्यास झालाय. आज उंच असलेला अठराव्या वर्षी उंच राहीलच असं नाही आणि बारक्याने तोवर अंगाच्या जोरावर नाही तर डोक्याने खेळायला शिकून घेतलेलं असतं. महत्त्वाच्या मॅचला सर निवड करणार, ते त्यांचं काम आहे, त्यात आपण पडू नये. पण फ्रेंडली मॅचमध्ये प्रत्येकाला खेळायला मिळालंच पाहिजे, हा नियम पीटीएने मागून घ्यावा. तोपर्यंत संध्याकाळी वाड्यावरच्या पोरांबरोबर खेळू द्या त्याला, भात कापल्यावर शेतात गोलपोस्ट उभे राहतातच.

प्रश्न: मुलींची टीम पहिल्यांदाच होतेय, कोच पुरुष आहेत. काय काळजी घ्यावी? (शिक्षिका, काणकोण)

कोच चांगले असले तरी नियम हवेतच, ते त्यांच्याही भल्याचे आहेत. बाहेरगावी मॅच असेल तर एक शिक्षिका बरोबर, मुलीला एकटीला गाडीतून सोडणं नाही, मेसेज फक्त ग्रुपवर आणि त्या ग्रुपमध्ये पालक किंवा शिक्षिका. कपडे बदलायला बंद खोली, नाहीतर मुली पहिल्याच महिन्यात गळतात आणि मग आपणच म्हणतो की मुलींना इंटरेस्ट नाही. लैंगिक छळाची तक्रार आली तर ती शाळेत "मिटवायची" नाही. २०१२ च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाची गोष्ट दडवली तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गोव्याचा स्वतःचा २००३ चा बाल कायदाही आहे. हे हेडमास्तरांना आणि कोचना दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगून टाका.

प्रश्न: माझी भाची अमेरिकेत हायस्कूलला आहे. तिथे म्हणे सीझन संपला की कोचला सरळ काढतात. आपल्याकडे असं का नाही? (मडगाव)

तिथला कोच बहुतेक वेळा त्याच शाळेतला शिक्षक असतो आणि कोचिंगचे पैसे त्याला वेगळे मिळतात, त्यामुळे कोचिंग गेलं तरी शिकवायची नोकरी राहू शकते. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टवरच्या कोचला काढलं की त्याचं सगळंच जातं, म्हणून ते घेण्यासारखं नाही. घेण्यासारखं दुसरं आहे. तिथे डोक्याच्या माराबद्दल राज्याराज्यांत कायदे आहेत, पहिला वॉशिंग्टन राज्याने २००९ ला केला, शंका जरी आली तरी खेळाडू बाहेर आणि डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय परत नाही. हे उद्यापासून आपल्या शाळेत करता येतं, एक रुपया लागत नाही. पावसाळ्यात विजेचं पण तसंच, वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ग्राउंड सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही.

प्रश्न: मी सत्तरीतल्या एका हायस्कूलला कॉन्ट्रॅक्टवर कोच आहे. दहावीची पोरं ट्यूशनला जातात, प्रॅक्टिसला अर्धी टीम नसते, आणि वर्षाच्या शेवटी मला फक्त "ट्रॉफी कुठाय" विचारतात. काय करू?

तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण तुमच्यासारखे टिकले नाहीत तर वरचे सगळे प्रश्न फुकट आहेत. एक करा, वर्षाच्या सुरुवातीलाच, कुणी विचारायच्या आधी, हेडमास्तरांना एक पानाचं पत्र द्या. यावर्षी काय करणार, किती पोरं धरणार, आठवड्याला किती प्रॅक्टिस, कुठलं सामान लागेल, दहावीवाल्यांसाठी ट्यूशनच्या आधी सकाळची वेळ मिळेल का. कशावरून मला जोखणार हेही त्यातच लिहा आणि त्यांची सही घ्या. मग हजेरीचं रजिस्टर रोज भरा, आणि सहावीची-सातवीची पोरं आतापासूनच धरा, त्यांना ट्यूशन कमी असते आणि तीन वर्षांनी तीच तुमची टीम असणार. पालकांची एक मीटिंग घेऊन बोर्डाचे क्रीडागुण कसे मिळतात ते समजावून सांगा, त्याने पुष्कळ आईवडील ऐकतात असा अनुभव आहे. सीझन संपला की पुन्हा एक पान, काय झालं, काय नाही झालं, का नाही झालं. ट्रॉफीचा विषय निघाला की ते रजिस्टर टेबलावर ठेवायचं, आणि मूळ प्रत शाळेत देण्याआधी त्याची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.