ई-संजीवनीचा फायदा सातपुड्यातल्या आदिवासींना शहरवासीयांइतका मिळतो का?

नाही मिळत. ई-संजीवनी या सरकारी सेवेतून एप्रिल 2020 पासून घरबसल्या, व्हिडिओवरून डॉक्टरांचा मोफत सल्ला सुरू झाला खरा, पण त्याला मोबाईल, ओटीपी आणि टिकणारी रेंज लागते. धुळे-जळगाव शहरात हे सहज जमतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि घरातला एकुलता फोन अनेकदा गुजरातला मजुरीला गेलेल्या माणसाच्या खिशात असतो.

त्याहून मोठी अडचण बोलीची. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे. घरात भिली नाहीतर पावरी. पडद्यावरचे डॉक्टर मराठी-हिंदीत विचारतात, बाई नुसती मान हलवते, आणि तेवढ्यावरच गोळ्या लिहिल्या जातात. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्याच्या असह्य वेदना नीट सांगता आल्या नाहीत, तर ती साधी अंगदुखी ठरते! हे मला सगळ्यात गंभीर वाटतं.

तुमच्या घरचं कुणी तिकडे असेल तर त्यांना उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात पाठवा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी स्वतःच्या लॉगिनवरून डॉक्टरांशी जोडून देतात, रुग्णाकडे स्मार्टफोन नसला तरी चालतं. बोली जाणणारी आशाताई सोबत असू द्या.