पानाला ओल, तंबाखूला बेताची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या दिवाळीपासून मी तयार सिगारेट सोडून कागद आणि सुटी तंबाखू आणून हातानेच सिगारेट वळतो. दिवाळीच्या सुमारास आणलेली तंबाखू छान वळली जायची. पण मार्च लागल्यापासून पाकीट फोडले की आठवड्याच्या आत तिचा भुगा होतो, तो कागदातून गळतो आणि धूर घशाला बोचतो. एकाने सांगितले म्हणून बटाट्याची साल डब्यात टाकली, तर चौथ्या दिवशी कुबट वास येऊ लागला. तंबाखू निवडताना काय पाहावे आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ती टिकवावी कशी?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : आपली तक्रार तंबाखूची कमी आणि हवेची जास्त आहे. हाताने वळायच्या तंबाखूत तयार सिगारेटीतल्या तंबाखूपेक्षा मुद्दाम जास्त ओल ठेवलेली असते, साधारण १८ ते २० टक्के, कारण तेवढी ओल असली तरच तिचे धागे न तुटता कागदात बसतात. ही ओल टिकायची तर भोवतालच्या हवेची आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास असावी लागते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर, अशी स्थिती असते. त्यामुळे उघडे पाकीट टेबलावर राहिले की हवा तंबाखूतले पाणी ओढून घेते. सुकलेली तंबाखू भराभर आणि जास्त तापून जळते, म्हणून घसा धरतो.

निवडीबद्दल आधी एक सांगतो. आपल्या शहरात, विशेषतः पूर्व भागात, विडीची तंबाखू गल्लोगल्ली दिसते आणि ती स्वस्तही पडते, म्हणून काही जण तीच कागदात भरून पाहतात. तसे करू नये. निपाणी-चिकोडी भागातून किंवा गुजरातच्या चरोतरातून येणारी ही तंबाखू उन्हात वाळवून कणीसारखी कुटलेली असते आणि ती तेंदूच्या घट्ट पानात कोंबण्यासाठीच असते. कागदात ती धरून राहत नाही, शिवाय फार कडक लागते. कागदासाठी बारीक, लांब धाग्यांत कापलेली तंबाखूच हवी.

पाकिटावर बहुधा जातीचा उल्लेख असतो. व्हर्जिनिया जातीची पाने गरम हवेच्या कोठ्यांत वाळवतात. आंध्रात आणि म्हैसूरच्या बाजूला तिचे मोठे पीक आहे. रंग पिवळा ते नारिंगी, अंगात साखर जास्त, धूर थोडा गोडसर. बर्ली सावलीत, नुसत्या वाऱ्यावर वाळते. ती तपकिरी असते, तिच्यात साखर जवळजवळ नसते आणि तिचा धूर घशात जास्त लागतो. ओरिएंटल म्हणजे लहान पानांची, उन्हात वाळवलेली, सुगंधी तंबाखू. ती बहुतेक वेळा मिश्रणात वासापुरती असते. आपल्याला बोचरेपणाचा त्रास होत असेल तर पाकिटावर बर्लीचे प्रमाण जास्त आहे का, हे पाहावे. मात्र सुकलेली व्हर्जिनियाही बोचतेच. म्हणून आधी ओल तपासावी आणि मगच जात बदलावी.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. मी एकवीस वर्षे तंबाखूच्या वखारीत प्रतवारीचे काम केले आणि तिथे मूठ हेच माप होते. चिमूटभर नव्हे, मूठभर तंबाखू घ्यावी, हलके दाबावी आणि हात उघडावा. ती हळूहळू फुलत मोकळी झाली तर ओल बेताची आहे. गोळा तसाच राहिला तर जास्त आहे. कुरकुर आवाज आला आणि तळहातावर भुकटी राहिली तर ती सुकली आहे. दुकानात पाकीट फोडता येत नाही, पण बाहेरून बोटांनी दाबून एवढे कळते. पाकीट आत खुळखुळत असेल तर घेऊ नये. कागदाच्या पुडीत बांधून तोलून दिलेली, उत्पादकाचे नाव आणि चित्रासह इशारा नसलेली तंबाखू तर अजिबात घेऊ नये. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असावा, हा नियम २०१६ पासून लागू आहे. तो इशारा नसलेला माल कुठून आला आणि किती दिवस पडून होता, हे कोणालाच सांगता येत नाही.

घरी आणल्यावर तंबाखू रबरी कडीच्या झाकणाच्या काचेच्या लहान बरण्यांत वाटून भरावी. बरणी गळ्यापर्यंत भरलेली असावी, म्हणजे आत हवा थोडी राहते. रोजच्या वापराची एकच बरणी उघडावी. पत्र्याखालच्या खोलीत किंवा माळ्यावर न ठेवता आतल्या भिंतीच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवावी. माठाशेजारी ठेवण्याची सवय पुष्कळांना असते, पण तिथे झाकणाला पाणी लागते आणि बुरशी धरते. फ्रिजही टाळावा, कारण थंड बरणी बाहेर काढून उघडली की आतल्या तंबाखूवर दव धरते. तंबाखू वास पटकन ओढून घेते, म्हणून मसाला, उदबत्ती आणि डांबराच्या गोळ्या तिच्यापासून लांब असाव्यात.

बटाट्याच्या सालीचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो चुकीचा आहे. साल स्वतःच सडते आणि बुरशी तंबाखूला देते. आपली ती तंबाखू टाकून द्यावी; वरचा थर काढून खालची वापरू नये आणि उन्हात घालून वास घालवण्याचा प्रयत्नही करू नये. सुकलेल्या तंबाखूला ओल द्यायची असेल तर फुटक्या माठाची रुपयाएवढी खापरी स्वच्छ घासून, उकळून घ्यावी, दहा मिनिटे पाण्यात बुडवावी, फडक्याने पूर्ण पुसावी आणि बरणीच्या झाकणाजवळ कागदाच्या कपट्यावर ठेवावी. रात्री ठेवली तर सकाळी मूठ दाबून पाहावी आणि खापरी काढून घ्यावी. खापर पाणी सावकाश सोडते, सडत नाही आणि आपल्या गावात फुकट मिळते.

प्रश्न : माझ्या बरणीतल्या तंबाखूत बारीक तांबूस किडे झाले आहेत आणि वळलेल्या सिगारेटींच्या कागदालाही टाचणीएवढी भोके पडली आहेत. चाळून वापरली तर चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : चालणार नाही. हा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, कुबडा दिसणारा भुंगेरा आहे. हळदीच्या खांडांना, धन्याला आणि मिरचीला भोके पाडतो तोच. चाळणीने मोठे किडे निघतात, अंडी आणि अळ्या राहतात आणि तिशीच्या तापमानात त्यांची वाढ फार वेगाने होते. किडलेली बरणी पिशवीत बांधून टाकून द्यावी आणि त्याच कपाटातले मसाल्याचे डबे त्याच दिवशी तपासावेत, कारण मूळ तिथेही असू शकते. न किडलेल्या पण शंका असलेल्या बंद पाकिटांना हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवावे. नंतर एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात आणि एक दिवस बाहेर, न उघडता ठेवावे. गोठलेल्या तंबाखूला हात लावला तर ती मोडून चुरा होते.

प्रश्न : ‘नैसर्गिक’ आणि ‘रसायनविरहित’ असे लिहिलेली सुटी तंबाखू तयार सिगारेटीपेक्षा कमी घातक असते का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. धुरातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग करणारी द्रव्ये पान जळण्यातून तयार होतात. त्यात काही मिसळले होते की नव्हते, याने त्यांत फरक पडत नाही. बिनफिल्टरची, हाताने घट्ट वळलेली सिगारेट उलट जास्त डांबर देऊ शकते. वर मी साठवणीविषयी जे लिहिले त्याने तंबाखू खराब होत नाही, निरुपद्रवी मात्र होत नाही. सोडायचे असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनामूल्य आहे.

प्रश्न : आई विड्या वळते. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून आणलेली तंबाखूची पिशवी स्वयंपाकघरातल्या फळीवर असते. पावसाळ्यात तंबाखू सर्द होते, तपासणीत विड्या छाटमध्ये, म्हणजे नापास मालात जातात आणि पैसे कापले जातात. आता माझे नऊ महिन्यांचे बाळ रांगू लागले आहे. तंबाखू ठेवावी कुठे आणि कशी?
— एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण माझी आईही विड्या वळत असे. एका श्रावणात तिने रात्री भिजवलेल्या पानांचे ओले गोणपाट आणि तंबाखूची पिशवी एकाच टोपलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने वळलेल्या विड्यांतून तपासणाऱ्याने एकेक दाबून पाहत दोनशेच्या वर विड्या बाजूला टाकल्या, आणि तिची बोटे तर नेहमीसारखीच फिरली होती. तेंदूचे पान मऊ राहण्यासाठी त्याला ओल लागते. विडीच्या तंबाखूला मात्र ती फार थोडी चालते. जास्त झाली की कणी एकमेकींना चिकटते, विडी आत घट्ट बसते, हवा ओढली जात नाही आणि ती विझते. म्हणून पान आणि तंबाखू यांची जागा रात्री वेगळी हवी. सुपात एकत्र घ्यायची ती वळायला बसतानाच, आणि तीही तासाभराला पुरेल एवढीच.

तंबाखू क्लिपच्या झाकणाच्या पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. डबा जमिनीवर नको, कारण फरशीला पावसाळ्यात ओल येते. मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर, भिंतीपासून थोडा सुटा अशा फळीवर ठेवा. ही फळी स्वयंपाकघरात नसावी. पीठ आणि तंबाखू एका फळीवर राहिली तर तिची भुकटी पिठात जातेच.

बाळाच्या बाबतीत मला थोडे कडक लिहावे लागत आहे. रांगते मूल जमिनीवरचे सगळे तोंडात घालते आणि एवढ्या लहान अंगाला चिमूटभर तंबाखूही भारी पडते. लाळ गळणे, उलट्या, घाम, पांढरेफटक पडणे, एकदम सुस्ती येणे, यांतले काही दिसले तर उलटी काढायचा प्रयत्न न करता ताबडतोब सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात न्या आणि तंबाखू तोंडात गेल्याचे आधी सांगा. वळण्याचे काम झाले की जागा केरसुणीने झाडू नका, भुकटी उडते. ओल्या फडक्याने पुसा. आईने त्या वेळचे लुगडे बदलून, हात साबणाने धुऊन मगच बाळाला घ्यावे. पाने भिजवलेले ओले हात तसेच तंबाखूत घालू नयेत, कारण ओल्या कातडीतून निकोटीन अंगात जास्त शिरते. हात कोरडे करायला एक फडके सुपाशेजारी असावे. तुम्ही अंगावर पाजत असाल तर निदान या वर्षी वळायला बसू नका. निकोटीन दुधातही उतरते.

आणि छाटबद्दल. आईला म्हणावे, ब्रँचमध्ये तंबाखू हातात येताच तिथेच मूठ दाबून पाहा. गोळा फुटला नाही तर तो घरी आणू नका, देणाऱ्यासमोर दाखवा आणि बदलून मागा; एकदा पिशवी दाराबाहेर आली की ती ओल तुमच्या घरचीच ठरते.