युवा नेतृत्व कार्यक्रमाचं उन्हाळी शिबिर: उपक्रम, पुरस्कार आणि सुरक्षितता यांची घडी कशी बसवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 14 ते 17 वयाची 24 मुलंमुली, चार दिवसांचं निवासी शिबिर, त्यात पोहणं आणि एक दिवसाची पायी भटकंती. उपक्रम कोणते ठेवायचे, बक्षिसं कशी द्यायची आणि सुरक्षेचं काय बघायचं?

ही तीन कामं तीन वेगवेगळ्या समित्यांकडे दिलीत तर घोळ ठरलेला. शिबिर नेतृत्वाचं आहे ना, मग सुरक्षेची रोजची कामं मुलांच्याच हातात द्या आणि पुरस्कारही त्याच कामांवर ठरवा.

सहा-सहा जणांचे चार गट करा. पहिल्या दिवशीची सकाळ पोहोचण्यात आणि शेवटच्या दिवशीची दुपार निघण्यात जाते. उरतात सहा अर्धे दिवस, म्हणजे गटातल्या प्रत्येकाला एकदा गटप्रमुख होता येतं. बाकीच्यांकडे मोजणी, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि जेवण, जेवणाला दोघं. पाळी बदलताना जुना प्रमुख नव्याला पाच मिनिटांत सांगतो: काय उरलंय, कोणाला बरं नाही, कुठलं सामान कुठे आहे. ही व्यवस्था बहुतेक वेळा मोठ्यांमुळेच मोडते. मूल थेट ताईला विचारतं, ताई उत्तर देते, आणि गटप्रमुख शोभेचा उरतो. म्हणून प्रश्न आधी प्रमुखाकडेच जायला हवा. पाण्यात उतरणं, विजा-वादळ, औषधं आणि उपक्रम रद्द करणं, एवढे चारच निर्णय मोठ्यांनी स्वतःकडे ठेवावेत.

मोजणी वाटते तितकी सोपी नाही. मुलं एक-दोन-तीन म्हणत जातात तेव्हा हमखास कोणीतरी मित्राचा आकडा स्वतःच म्हणून टाकतं. त्यामुळे मुलांनी आकडे म्हणायचे, मोठ्या माणसाने वेगळी डोकी मोजायची आणि दोन्ही जुळल्याशिवाय कोणी हलायचं नाही. गाडीत बसल्यावर, प्रत्येक थांब्यानंतर, पाण्यात उतरण्याआधी आणि बाहेर आल्यावर.

पोहण्याबाबत ‘मला येतं’ यावर विश्वास ठेवू नका. पहिल्याच दिवशी सगळ्यांची उथळ पाण्यात चाचणी घ्या आणि कोण कुठवर जाईल ते ठरवून टाका. प्रत्येकाला एक जोडीदार. एक बाहेर आला की दुसराही बाहेर. दर दहा मिनिटांनी शिट्टी, जोडीने हात धरून वर करायचे, मोजणी. जीवरक्षकाला दुसरं कुठलंही काम नको, फोटो काढणं तर नकोच. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही: डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाणी खाली दाबताहेत, एवढंच दिसतं. मुलांना शिकवायचं ते असं: मोठ्याला हाक मारा, काठी पुढे करा, दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका, पण स्वतः उडी मारू नका. होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत किंवा माप मोठं आहे.

सगळ्यात जास्त हलगर्जीपणा उन्हाच्या बाबतीत होतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तुमच्याकडे दिवस चारच. म्हणून मेहनतीचे खेळ पहिल्या दिवशी ठेवू नका, आणि साधारण 11 ते 4 सावलीतलं काम ठेवा: नकाशा वाचन, गाठी, प्रथमोपचार, गटचर्चा. कष्टाचं काम चालू असताना दर 20 मिनिटांनी साधारण 200 मिलि पाणी, तहान लागो न लागो. चक्कर, मळमळ, भरपूर घाम असेल तर सावलीत आडवं करा, पाय थोडे वर घ्या, ओआरएस घोट-घोट द्या. मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं किंवा बेशुद्ध पडलं तर तो उष्माघात समजा. कातडी कोरडी पडायची वाट पाहू नका, उष्माघातात घाम चालूही असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नका. पॅरासिटामॉलचा इथे काहीच उपयोग नसतो.

भटकंतीसाठी ताशी 3 किमी धरा आणि चढाच्या दर 600 मीटरला एक तास वाढवा. म्हणजे 9 किमी अंतर आणि 300 मीटर चढ असेल तर साडेतीन तास, थांबे वेगळे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला प्रमुखाच्या लगेच मागे ठेवा. आणि थांब्याची वेळ शेवटचा माणूस टेकल्यावर मोजायला लागा. नाहीतर ज्याला विश्रांतीची खरी गरज असते त्यालाच ती मिळत नाही. गडगडाट ऐकू आला की पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा (तंबू हा विजेपासून आसरा नव्हे) आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत नसावा, हा नियम पालकांना आधी लेखी कळवा. औषधं कुलपात, देताना नाव-मात्रा-वेळ वहीत. अपवाद दम्याचा पंप आणि ॲलर्जीचं तातडीचं इंजेक्शन: ती ज्या मुलाची आहेत त्याच्याच खिशात राहू देत.

आता पुरस्कार. 1956 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे टप्पे आहेत, पण मुलांची आपापसात स्पर्धा नाही; निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पुरस्कार मिळतो. तुम्हीही ‘सर्वोत्कृष्ट शिबिरार्थी’ टाळा. निकष पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा आणि डोळ्यांना दिसतील असे ठेवा: पाळी सोपवताना काही सुटलं नाही, पाण्याचा थांबा मोठ्यांनी न सांगता घेतला, मागे पडलेल्यासाठी वेग कमी केला. वेगावर बक्षीस तर मुळीच नको. मग मुलं पायाला आलेले फोड लपवतात.

चुकांसाठी गुण कापू नका. ‘मोजणीत एक कमी आला होता’, ‘चूल न विझवता निघालो होतो’ असं जो स्वतः वहीत लिहील त्याला गुण द्या, कारण गुण कापले की पुढची चूक तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. ही वही शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री गटागटाने वाचा, निकष पूर्ण केलेल्यांची नावं तिथेच सुचवू द्या आणि बिल्ले त्याच रात्री वाटा. निघायच्या दिवशी पालक आलेले असतात, सामान बांधायचं असतं, समारंभाकडे कोणाचं लक्ष नसतं.