शिक्का कनवटीला

कोथरूड, पुणे

अगं,

तुझ्या कादंबरीची ऐंशी पानं रविवारी दुपारी हातात घेतली, ती दिवेलागणीला खाली ठेवली. म्हणजे वाचवतात, काळजी नको. पण चौथ्या प्रकरणात तुझा झेडपी मेंबर टपरीवर चहा पिता पिता पंचायत राजच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर दीड पान बोलतो. तो कुठला बोलायला! बोलतो तो तुझा पीएच.डी.चा प्रबंध. मेंबर बोलेल ते कुणाची बदली अडली आणि कुठल्या रस्त्याचं बिल निघालं नाही, याबद्दल.

हसू नकोस, मीही तेच केलं होतं. वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून कादंबरी लिहायला बसले. तीन महिन्यांनी हस्तलिखित परत आलं, सोबत प्रकाशकांची चिठ्ठी : ‘प्रस्तावना अभ्यासपूर्ण आहे.’ प्रस्तावना नव्हतीच, ते पहिलं प्रकरण होतं.

मग माळ्यावरून फील्डवर्कच्या वह्या काढल्या. १९९३ साली ती दुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. त्यानंतर सासवडच्या पलीकडच्या एका गावात मी मुलाखती घेत होते. सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले. माझ्या तक्त्यात नोंद झाली : ‘प्रत्यक्ष निर्णय – पती’. प्रबंधात तीच गेली. वहीच्या समासात मात्र पेन्सिलीनं एक ओळ होती, ‘शिक्का बाईंच्या कनवटीला’. यजमानांनी कागद आत पाठवला की बाई चुलीपुढून उठायच्या, हात पुसायच्या, कागद उलटसुलट करून बघायच्या आणि कधी कधी ‘पीठ मळतेय, उद्या’ म्हणून परत पाठवायच्या. ही ओळ तक्त्यात बसेना म्हणून मी सोडून दिली होती. माझी कादंबरी तिथून सुरू झाली.

तुझ्याकडेही अशा वह्या असणारच. शिवाय ग्रामपंचायतीची इतिवृत्तं पुन्हा वाच, या वेळी अभ्यासक म्हणून नको. ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर’, खाली सूचक, अनुमोदक. त्या ‘सविस्तर’ आणि ‘सर्वानुमते’च्या मध्ये कोण उठून गेलं, कुणी कुणाच्या पाणंदीचा जुना हिशेब काढला, ते लिही.

अभ्यास सोडायचा नाही मात्र. तुझ्या आजोबांच्या तोंडी १९७२च्या दुष्काळात ‘रोजगार हमी कायदा’ आलाय. योजना तेव्हाची, कायदा १९७७चा. आणि खडी फोडणारा माणूस योजनेचं नाव कशाला घेईल? तो दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव सांगेल. गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एक दिवस बसून तारखा तपासून घे, आणि त्यातली एकही पानात दिसू देऊ नकोस.

नोकरी सोडायचं म्हणतेस, ते डोक्यातून काढ. मराठी कादंबरीच्या मानधनात पुण्यात घरभाडं निघत नाही. मी पहाटे पाच ते सात लिहायचे, साडेसातला दूधवाला बेल वाजवायचा.

पुढच्या गुरुवारी टपरीचं प्रकरण नव्यानं लिहून आण. येताना अप्पा बळवंत चौकातून माझ्यासाठी दोन फुलस्केप वह्या घे, रेघांच्या.

आणि त्या मेंबरच्या बायकोला नाव दे. ऐंशी पानांत ती तीनदा चहा घेऊन बाहेर येते.

तुझ्या,
मॅडम